घराण्यातली शुगर आणि घराण्यातलं पोट

दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या मानेवर, कॉलरच्या जरा वर, काळसर पट्टा दिसायला लागतो. घरात पहिला संशय मळावर. मग बेसन-दही होतं, लिंबाची फोड होते, रविवारी अंघोळीला घासणी येते. मान लालभडक होते, पट्टा मात्र जागचा हलत नाही. नीट हात लावून पाहिलं तर तिथली कातडी जराशी जाड, मखमली लागते आणि काखेतही तोच प्रकार असतो. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं की ते क्रीम लिहून देण्याआधी भलतंच विचारतात, "घरात कुणाला शुगर आहे का?"

मानेचा आणि शुगरचा संबंध असा की रक्तात इन्सुलिन बराच काळ चढं राहिलं तर ते त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं. मान, काख, जांघ अशा घड्यांच्या जागी त्वचा जाड आणि काळी होते. या खुणेचं वैद्यकीय नाव अकँथोसिस नायग्रिकन्स. लठ्ठपणात ती सर्रास दिसते आणि पीसीओडी असलेल्या मुलींच्या मानेवरही. घासून ती जात नाही, हे आता वेगळं सांगायला नको. पण डॉक्टरांनी मुलाच्या खाण्यापिण्याऐवजी आधी घरच्यांची चौकशी का केली, हे मात्र सांगण्यासारखं आहे.

त्यासाठी इन्सुलिनपासून सुरुवात करू. साखर कमी करणारं हार्मोन ही त्याची अर्धीच ओळख झाली. जेवल्यावर स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. त्यामुळे स्नायू रक्तातली साखर उचलतात, यकृत स्वतःकडची साखर बाहेर सोडायचं थांबवतं आणि चरबीच्या पेशी आपल्याकडची चरबी धरून ठेवतात. आता स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पूर्वीइतकं जुमानेनासे झाले, तर स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. त्या जोरावर साखर ताब्यात राहते, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि माणूस पुढच्या चेकअपपर्यंत निर्धास्त होतो. हाच इन्सुलिन रेझिस्टन्स. तो वर्षानुवर्षं मुकाट चालतो. स्वादुपिंड दमलं की मग साखर वर जायला लागते.

समजा, अंधेरीच्या एका ऑफिसातल्या दोघांनी एकाच सकाळी रक्त दिलं. दोघांची उपाशीपोटी साखर ९५. एकाचं इन्सुलिन ६, दुसऱ्याचं १८. नेहमीच्या चेकअपमध्ये इन्सुलिन बहुधा मोजत नाहीत, त्यामुळे दोघांच्या कागदावर ९५ हा एकच आकडा छापून येतो आणि दोघं खूश. १९८५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी यासाठी एक सोपं गणित मांडलं, त्याला होमा म्हणतात. उपाशीपोटीच्या साखरेला इन्सुलिनने गुणायचं आणि ४०५ने भागायचं. पहिल्याचं उत्तर १.४, दुसऱ्याचं ४.२. म्हणजे साखर तेवढीच ठेवायला दुसऱ्याचं स्वादुपिंड तिप्पट राबतंय. (हे गणित घरी करून झोप उडवून घेऊ नका. इन्सुलिनचे आकडे लॅबगणिक बदलतात.)

दोघं एकाच गाडीवरचा वडापाव खातात, एकाच लोकलने लोंबकळत येतात. मग हा फरक कुठून आला? काही झोपेचा, काही चालण्याचा, बराचसा पोटावरच्या चरबीचा. आणि काही जन्माबरोबर आलेला.

हा शेवटचा भाग किती, यावर आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक, "आमच्या घराण्यातच आहे, काय करणार." दुसरं, "तोंडावर ताबा नाही, बाकी काही नाही." पहिलं बोलणारा ताटात दुसऱ्यांदा वाढून घेत असतो आणि दुसरं बोलणारा बहुधा जन्मजात सडपातळ असतो. मला दुसऱ्याचा जास्त राग येतो, कारण त्याच्या विरुद्धचा पुरावा १९९० सालापासून समोर आहे.

कॅनडातल्या क्युबेकमध्ये क्लोद बुशार यांनी जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या घेतल्या. एकाच बीजापासून झालेली जुळी, म्हणजे दोघांची जनुकं सारखी. त्यांना देखरेखीखाली ठेवून आठवड्यातले सहा दिवस रोजच्या गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खायला घातल्या. असे एकूण ८४ दिवस. सगळ्यांना जादा खाणं सारखंच. तरी कुणाचं वजन सव्वाचार किलोच वाढलं, कुणाचं सव्वातेरा. त्यातही गंमत अशी की, एका जोडीतल्या दोन भावांचं वाढलेलं वजन एकमेकांशी बरंच जुळत होतं आणि चरबी पोटात साठली की इतरत्र, हेही जुळत होतं. कुणाच्या अंगाला किती लागणार आणि कुठे लागणार, यात जन्माचा मोठा वाटा आहे हे यातून दिसलं.

जन्माचा वाटा म्हणजे नेमकं काय? माणसाचा डीएनए साधारण ३०० कोटी अक्षरांचा. त्यातली बहुतेक अक्षरं तुमची-माझी सारखीच. पण संशोधक तुलनेसाठी जो नमुना वापरतात, त्याच्याशी पडताळलं तर प्रत्येकात ४० ते ५० लाख ठिकाणी फरक सापडतात. बहुतेक फरकांनी काहीच बिघडत नाही. काही फरक हार्मोन तयार करणाऱ्या जनुकात असतात, काही त्या हार्मोनला ओळखणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकात. आणि पुष्कळसे जनुकाच्या बाहेर, आसपास असतात. ते हार्मोनचा आकार बदलत नाहीत, त्याचं उत्पादन कुठे आणि किती व्हावं यात फेरफार करतात. लठ्ठपणाच्या बाबतीत या तिसऱ्या प्रकाराचीच गर्दी आहे, हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच सोपं होतं.

पहिल्या प्रकाराची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत १९४९ साली उंदरांची एक जात आढळली. हे उंदीर खातच सुटायचे आणि नेहमीच्या उंदरांच्या तिप्पट वजनाचे व्हायचे. त्यांच्यात काय कमी आहे, हे कळायला १९९४ साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला ते जनुक सापडलं आणि पुढे त्या हार्मोनला लेप्टिन नाव मिळालं. लेप्टिन चरबीच्या पेशींतूनच निघतं. चरबी जितकी जास्त, तितकं लेप्टिन जास्त, आणि मेंदूला कळतं की साठा भरपूर आहे, आता खाणं आवरतं घ्या. त्या उंदरांच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हतं. अंगावर चरबीचे थर असूनही त्यांचा मेंदू उपाशी होता.

तीन वर्षांनी इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली आणि सदफ फारुकी यांच्या गटाला हीच अवस्था दोन मुलांत सापडली. पाकिस्तानी वंशाच्या एकाच कुटुंबातली चुलत-मामेभावंडं. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, २९ किलो. लेप्टिनच्या जनुकातलं एक अक्षर गळालेलं. फक्त एक. पण डीएनएची अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचली जातात, त्यामुळे एक गळालं की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि हार्मोन निकामी होतं. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आई आणि वडील दोघांकडे गळकी प्रत एकेकच होती, म्हणून त्यांना त्रास नव्हता. आई-वडील जवळच्या नात्यातले, त्यामुळे मुलांकडे दोन्ही प्रती गळक्याच आल्या. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडेही आहे, तेव्हा हे लांबचं म्हणून सोडून देता येत नाही.

या मुलांना पुढे लेप्टिनची इंजेक्शनं दिली गेली. अशाच एका मुलाचं वजन तिसऱ्या वर्षी ४२ किलो होतं. उपचारानंतर सातव्या वर्षी ते ३२ किलो होतं. भूक काही दिवसांतच माणसासारखी झाली. 'हावरट कार्टं' म्हणून ज्याला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं, त्याच्यात प्रत्यक्षात एक हार्मोन कमी होतं.

साहजिकच सगळ्यांना वाटलं, आता लठ्ठपणावर औषध आलंच. अॅमजेन या अमेरिकी कंपनीने १९९५ साली लेप्टिनच्या हक्कांसाठी दोन कोटी डॉलर मोजले होते. पण सर्वसाधारण लठ्ठ माणसांवर प्रयोग झाले आणि फुगा फुटला. त्यांच्या रक्तात लेप्टिन कमी नव्हतंच, उलट भरपूर होतं. मेंदू दाद देत नव्हता. म्हणजे इन्सुलिनचीच कहाणी इथेही. हार्मोन आहे, ऐकणारा ऐकत नाही.

मग ऐकणाऱ्याकडे लक्ष गेलं. लेप्टिनचा संदेश मेंदूत पोचल्यावर पुढे एमसी४आर नावाच्या रिसेप्टरकडे जातो आणि तिथून पोट भरल्याची जाणीव होते. या रिसेप्टरच्या जनुकात दोष असलेली माणसं लेप्टिनवाल्यांइतकी विरळा नाहीत. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल भागात जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांमध्ये दर हजारी सुमारे तिघांत हे जनुक निकामी करणारा फरक होता आणि अठराव्या वर्षी त्यांचं वजन बाकीच्यांपेक्षा सरासरी १७-१८ किलोंनी जास्त भरलं. याच जनुकात उलट्या दिशेचे फरकही आहेत. त्यांत रिसेप्टर जास्तच जोमाने काम करतो आणि अशा लोकांना लठ्ठपणा आणि मधुमेह दोन्ही कमी होतात, असं २०१९ साली ब्रिटनमधल्या पाच लाख लोकांच्या माहितीतून दिसलं. दोन घास खाऊन "बास, पोट भरलं" म्हणणारी एक मावशी प्रत्येक घरात असते. तिच्या संयमाचं कौतुक करताना हे आठवावं.

आता आपल्या घरापर्यंत येऊ. पश्चिम लंडनमधल्या भारतीय वंशाच्या लोकांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात एमसी४आर जनुकाच्या शेजारी, जनुकात नव्हे, असलेला एका अक्षराचा फरक कमरेच्या घेराशी आणि इन्सुलिन रेझिस्टन्सशी जोडलेला निघाला. दोन्ही प्रती जोखमीच्या असल्या तर कंबर सरासरी दोन सेंटिमीटर जास्त. आणि ही जोखमीची प्रत युरोपीय लोकांपेक्षा भारतीयांत जास्त आढळली. दोन सेंटिमीटर म्हणजे पट्ट्याचं एक भोकसुद्धा नाही. पण असे फरक शेकड्यांनी असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला वेगवेगळी मिसळ येते.

यातला सगळ्यांत गाजलेला फरक एफटीओ जनुकातला, २००७ सालचा. दोन्ही प्रती जोखमीच्या असलेल्या माणसाचं वजन, एकही नसलेल्यापेक्षा सरासरी तीन किलो जास्त. हे घडतं कसं? लंडनमध्ये रेचल बॅटरहॅम यांच्या गटाने सारख्याच वजनाच्या, सडपातळ पुरुषांना जेवू घालून त्यांच्या रक्तातलं घ्रेलिन मोजलं. घ्रेलिन हे जठरातून निघणारं भुकेचं हार्मोन, जपानी संशोधकांनी १९९९ साली शोधलेलं. जेवलं की ते खाली यायला हवं. जोखमीची प्रत असलेल्यांमध्ये ते जेवणानंतर पुरेसं खाली येत नव्हतं आणि त्यांना भूकही लवकर लागत होती. ऑफिसात डबा खाऊन तासाभरात समोशाच्या वासाने चाळवणारे सगळे जण निव्वळ चवीचे भोक्ते असतात असं नाही.

पण याच एफटीओची दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा या फरकाचा वजनावरचा परिणाम १९४२ नंतर जन्मलेल्यांत ठळक दिसला, आधीच्यांत जवळपास नाही. जनुक तेच, काळ बदलला. आणि दोन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली तेव्हा दिसलं की अंगमेहनत करणाऱ्यांत एफटीओची लठ्ठपणाची जोखीम साधारण पाव हिश्श्याने कमी होते. आता परळ-लालबागचा विचार करा. आजोबा गिरणीत पाळीभर साच्यावर उभे राहिले, खानावळीत जेवले, चाळीचे जिने चढले. १९८२चा संप झाला, गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर आले आणि नातू आता लिफ्टने बाविसाव्या मजल्यावर जाऊन लॅपटॉपसमोर बसतो. आजोबांची अक्षरं नातवाकडे आहेतच. आजोबांच्या काळात त्यांना वाव मिळाला नाही, एवढंच. म्हणून "आजोबा सगळं खायचे, त्यांना काही झालं नाही" हा युक्तिवाद ऐकायला बरा आहे, टिकणारा नाही.

एवढा वेळ भुकेबद्दल बोललो. इन्सुलिन रेझिस्टन्सची जास्त महत्त्वाची अर्धी बाजू भुकेत नाही, चरबी कुठे ठेवली जाते त्यात आहे.

मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीचा संसार आठवा. पोटमाळा भरला, पलंगाखाली भरलं, कपाटावर बोचकी चढली. तरी सामान येतच राहिलं की ते गॅलरीत जातं, मग जिन्यात, मग चालायच्या वाटेवर. सामान फार वाईट असतं असं नाही, ठेवायला जागा नसते. शरीरात चरबी ठेवायची योग्य जागा म्हणजे त्वचेखालचा थर, विशेषतः मांड्या आणि कुल्हे. ही जागा कुणाची ऐसपैस असते, कुणाची दहा बाय बारा. ती भरली की जास्तीची चरबी यकृतात, स्नायूंत आणि आतड्यांभोवती जाऊन बसते, आणि तिथे ती इन्सुलिनच्या कामात आडवी येते. ज्याचा पोटमाळा मोठा, तो ९५ किलोचा असूनही त्याची साखर वर्षानुवर्षं ठीक राहू शकते. ज्याचा लहान, त्याला ६५ किलोलाच फॅटी लिव्हर होतं आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन तो म्हणतो, "पण मी जाड कुठे आहे?"

आणि पोटमाळ्याचं माप बऱ्याच अंशी जनुकांत असतं. २०१७ साली एका मोठ्या अभ्यासात इन्सुलिन रेझिस्टन्सशी जोडलेल्या ५३ जागा डीएनएवर नोंदवल्या गेल्या. ज्यांच्याकडे यातले जोखमीचे फरक जास्त, त्यांच्या पायांत आणि कुल्ह्यांत चरबी कमी होती. लिपोडिस्ट्रॉफी नावाच्या दुर्मीळ आजारात तर त्वचेखाली चरबी साठतच नाही. माणूस दंड-मांड्यांनी पिळदार दिसतो, आणि त्याचा इन्सुलिन रेझिस्टन्स मात्र भयंकर असतो. चरबी नसणं हेच तिथलं दुखणं.

चरबीच्या नव्या पेशी घडवण्यात पीपीएआरजी नावाचं जनुक महत्त्वाचं. त्यातला एक फरक गोऱ्या लोकांना मधुमेहापासून थोडं संरक्षण देतो. चेन्नई आणि डॅलस इथल्या दक्षिण आशियाई लोकांत तो तपासला, तर त्यांना त्याचा लाभ मिळत नव्हता. हा २००६ सालचा अभ्यास मी मुद्दाम सांगतोय, कारण युरोपात मिळालेलं उत्तर जसंच्या तसं आपल्याला लागू पडेलच असं नाही, हे यातून कळतं.

अॅडिपोनेक्टिनचं नाव गूगल करणाऱ्यांना हमखास भेटतं. हेही चरबीच्या पेशींतूनच निघतं, पण याची तऱ्हा उलटी. चरबी वाढली की हे कमी होतं. ज्यांच्यात हे कमी, त्यांच्यात इन्सुलिन रेझिस्टन्स जास्त, आणि भारतीयांत ते युरोपीयांपेक्षा कमीच असतं. मग अॅडिपोनेक्टिन कमी झाल्यामुळे रेझिस्टन्स येतो, असं म्हणावं का? बरीच वर्षं तसंच म्हटलं गेलं. इथे जनुकांतले फरक तपासनिसाच्या कामी आले. काही लोकांकडे जन्मतःच असे फरक असतात की त्यांचं अॅडिपोनेक्टिन आयुष्यभर कमी राहतं, वजन काहीही असो. हार्मोनच गुन्हेगार असेल, तर या लोकांत मधुमेह जास्त दिसायला हवा. २०१३ साली मोठ्या संख्येवर पाहिलं, तसा तो दिसला नाही. म्हणजे अॅडिपोनेक्टिनचं कमी असणं हा बहुधा बिघाडाचा साक्षीदार आहे. तेव्हा 'अॅडिपोनेक्टिन वाढवणाऱ्या' पावडरी विकायला कुणी आलं, तर दार लावून घ्यायला हरकत नाही. रेझिस्टिन नावाचं आणखी एक हार्मोन २००१ साली बरंच गाजलं. उंदरांत ते चरबीच्या पेशींतून निघतं, माणसांत मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या पेशींतून. त्याचं प्रकरण तिथेच थंडावलं.

लहान पोटमाळ्याचं आपल्याकडचं सगळ्यांत बोलकं उदाहरण पुण्यातलं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक, केईएम रुग्णालयाचे. (परळचं केईएम वेगळं, पुण्याचं रास्ता पेठेतलं वेगळं. मुंबईकरांचा इथे हटकून घोटाळा होतो.) त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाटा दोघांना एकच उत्तर देत होता.

याज्ञिकांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायका आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं सगळ्या मापांत लहान, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. कमी पडले होते ते स्नायू. पुण्यातल्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं तर त्यात इन्सुलिनही लंडनमधल्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त निघालं. ज्या बाळाने अजून एक घास खाल्लेला नाही, त्याच्या तोंडावर ताबा नाही असं कोण म्हणणार?

पण हे जन्माबरोबर आलं म्हणजे जनुकांतूनच आलं, असं मानायची घाई करू नये. याच पाहणीत दिसलं की गरोदरपणी ज्या आईंच्या रक्तात बी१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स जास्त होता. हे आईच्या पोटातल्या पोषणाचं देणं झालं. तेही घराण्यात चालत येतं, जसं जेवणाच्या वेळा आणि रात्री अकराला जेवायची सवय चालत येते. 'आमच्या घराण्यात आहे' या वाक्यात डीएनए, आईचं पोषण आणि स्वयंपाकघर अशी तिन्ही मिसळलेली असतात. यातलं पहिलं बदलता येत नाही. उरलेली दोन येतात.

व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक सिद्धांतही इथेच निकालात काढू. इंग्रजांच्या काळातल्या दुष्काळांमुळे आपली जनुकं बदलली आणि म्हणून आपल्याला मधुमेह, असा तो. दुष्काळ खरे होते. १८७६-७८च्या दुष्काळाने मुंबई इलाख्याचीही दैना केली. काटकसरी जनुकांची, म्हणजे उपासमारीत तगण्यासाठी चरबी साठवून ठेवणाऱ्या जनुकांची, कल्पना १९६२ साली जेम्स नील यांनी मांडली तीही खरी. पण पाच-सहा पिढ्यांत अख्ख्या समाजाच्या डीएनएमधली शेकडो अक्षरं बदलत नाहीत. उपाशी आईच्या पोटातल्या बाळावर परिणाम होतो हे मात्र पटण्यासारखं आहे, आणि त्यासाठी जनुकं बदलावी लागत नाहीत.

मग थुंकी पाठवून डीएनए टेस्ट करून घ्यावी का? 'तुमच्या जनुकांप्रमाणे डाएट' असं लिहिलेलं रंगीत पाकीट हल्ली भेट म्हणूनही देतात. २०१८ साली सुमारे सात लाख लोकांच्या अभ्यासातून वजनाशी जोडलेल्या ९४१ खुणा मिळाल्या. त्या सगळ्या मिळून माणसामाणसांतल्या बीएमआयच्या फरकाचा केवळ सहा टक्के उलगडा करतात. शिवाय ते बहुतेक लोक युरोपीय वंशाचे होते. आपल्याकडे जीनोम इंडिया प्रकल्पातल्या १०,००० भारतीयांच्या डीएनएची माहिती जानेवारी २०२५मध्ये संशोधकांना खुली झाली, म्हणजे आपली मोजणी आत्ता कुठे सुरू होते आहे. इतक्या तोकड्या माहितीवर तुम्ही भाकरी खावी की पोळी हे सांगणारा रिपोर्ट मी तरी पैसे देऊन घेणार नाही. आई-वडिलांपैकी कुणाला शुगर आहे आणि ती कितव्या वर्षी लागली, एवढं विचारून घेतलं तर जास्त कळतं, आणि फुकटात.

त्याच्या जोडीला शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८०च्या वर गेलं की धोका धरतात. पँटचा नंबर यात धरू नका. पोट सुटलेले गृहस्थ वीस वर्षं ३४ नंबरचीच पँट घालतात, ती फक्त दर वर्षी पोटाच्या आणखी खाली सरकते. बीएमआयची रेषाही आपल्यासाठी अलीकडे ओढलेली आहे. २३च्या पुढे जास्त वजन, २५च्या पुढे लठ्ठपणा. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीने २०२३ साली मांडला, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले त्याहूनही जास्त, १३.६ कोटी. हे उंबरठ्यावरचे लोक बहुतांशी काठावरचे आकडे बघून निश्चिंत असलेलेच असणार.

मार्च २०२५मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही इंजेक्शनं भारतात आली तेव्हापासून "मग आमच्यात हेच हार्मोन कमी होतं का?" असं विचारणारे भेटतात. नाही. ही औषधं आतड्यातल्या जीएलपी-१सारख्या हार्मोनची नक्कल करून भूक आवरतात. ती लागू पडली म्हणजे तुमच्यात ते हार्मोन बिघडलेलं होतं, असा अर्थ निघत नाही. लेप्टिनच्या मुलांची गोष्ट तेवढी वेगळी, तिथे जे नव्हतं तेच भरून दिलं.

आणि म्हणूनच जनुकाची खरी तपासणी कुणाची करावी याचं उत्तर ठरलेलं आहे. पाच वर्षांच्या आत वजन भलतंच वाढलेलं, जेवण होऊन अर्धा तास नाही तोच भुकेने रडणारं, रात्री उठून डबे उघडणारं, दुसऱ्यांच्या ताटातलं ओढणारं मूल. घरात इतरही कुणी लहानपणापासून असंच असेल किंवा आई-वडील नात्यातले असतील, तर शंका आणखी पक्की. अशा मुलाला डाएट चार्ट देऊन परत पाठवणं हा अन्याय आहे. लहान मुलांच्या हार्मोनतज्ज्ञाकडे न्यावं. एमसी४आरच्या वाटेवरच्या काही दुर्मीळ दोषांसाठी सेटमेलानोटाइड या औषधाला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळालेली आहे, त्यामुळे निदानाचा उपयोग आता कागदापुरता राहिलेला नाही. जाताना लसीकरणाचं कार्ड बरोबर घ्यावं. त्यावर जन्मापासूनची वजनं लिहिलेली असतात, आणि वाढ कोणत्या महिन्यापासून हाताबाहेर गेली हे डॉक्टरांना आधी तिथेच दिसतं.